बर्फातून उमलणारा कांदा : स्नोड्रॉप

युरोपातील हिवाळा सरत आलेला असतो, परंतु संपलेला नसतो. ओक, बीच, अ‍ॅश या वृक्षांच्या फांद्या निष्पर्ण असतात, सावलीच्या जागी बर्फाचे थर अद्याप पडून असतात आणि शेतीची कामे सुरू होण्यास अवकाश असतो. अशा वेळी रानातील पालापाचोळा आणि बर्फ भेदून जेमतेम वीतभर उंचीची एक वनस्पती वर येते आणि खाली मान घातलेले एकेक शुभ्र फूल धारण करते. ही वनस्पती म्हणजे स्नोड्रॉप. इंग्रजांनी तिला ‘हिमाचा थेंब’ म्हटले, जर्मन लोकांनी ‘हिमाची लहानशी घंटा’ म्हटले, तर फ्रेंच लोकांनी तिचा पराक्रम पाहून तिला ‘बर्फ भेदणारी’ असे नाव दिले.

ही वनस्पती महाराष्ट्रात उगवत नाही व येथील उष्ण हवेत ती टिकणारही नाही. तथापि येथील शेतकऱ्यास ती अगदीच परकी नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मान्य केलेल्या वर्गीकरणानुसार स्नोड्रॉप, कांदा व लसूण ही सर्व एकाच विस्तृत कुलात मोडतात. नाशिकच्या शेतातील कांदा आणि कॉकेशस पर्वतातील स्नोड्रॉप हे दूरचे का होईना, परंतु भाऊबंदच होत. दोघांचाही संसार जमिनीखालील पुंजीवर चालतो. ती पुंजी कशी साठते, केव्हा खर्च होते व माणसाच्या हव्यासाने ती कशी बुडू शकते, हे या लहानशा फुलाच्या जीवनक्रमावरून फार स्पष्टपणे समजते.

मूळ प्रदेश व जाती

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये या वनस्पतीस ‘गॅलँथस निव्हॅलिस’ हे शास्त्रीय नाव दिले. ‘गॅलँथस’ म्हणजे दुधासारखे फूल व ‘निव्हॅलिस’ म्हणजे बर्फाचे अथवा बर्फासारखे. या प्रजातीत सुमारे वीस जाती आहेत. त्यांपैकी सामान्य स्नोड्रॉप ही जाती पिरेनीज पर्वतापासून पूर्वेस युक्रेनपर्यंतच्या रानांत आढळते. बाकीच्या बहुतेक जातींचे माहेर तुर्कस्तान, कॉकेशस व त्यांच्या लगतचा डोंगराळ मुलूख हे आहे.

इंग्लंडमध्ये आज चर्चच्या आवारांत, जुन्या मठांच्या भोवती व ओढ्यांच्या काठी या फुलांचे गालिचे दिसतात. यामुळे ते तेथील मूळचेच फूल असावे, असा समज होतो. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. जॉन जेरार्ड याने १५९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिग्रंथात बागेतील फूल म्हणून त्याचे वर्णन आहे. रानात ते आपोआप वाढत असल्याची तेथील पहिली नोंद मात्र १७७८ सालची आहे. म्हणजे माणसाने बागेत लावलेले कांदे हळूहळू कुंपणाबाहेर पडले आणि रानात स्थिरावले.

व्यापाराच्या दृष्टीने आणखी दोन जाती महत्त्वाच्या आहेत. पहिली, रुंद व करड्या-हिरव्या पानांची ‘एल्वेसाय’ जाती. हेन्री जॉन एल्वेस या इंग्रज वनस्पतिसंग्राहकास ती १८७४ मध्ये तुर्कस्तानातील स्मर्ना, म्हणजे आजचे इझमिर, या शहराजवळच्या डोंगरात आढळली आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. दुसरी, तकतकीत हिरव्या पानांची ‘वोरोनोवाय’ जाती. ती मुख्यतः काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात, विशेषतः जॉर्जिया देशात विपुल आहे.

रोपाची रचना

स्नोड्रॉपचा कांदा आकाराने लहान, लसणीच्या मोठ्या पाकळीएवढा असतो. तळाशी खोडाची चपटी चकती, तिच्यावर एकावर एक बसलेले मांसल खवले आणि बाहेरून पातळ तपकिरी साल अशी त्याची घडण असते. हे खवले म्हणजे पानांचे फुगलेले तळ होत. कांद्याच्या शेतकऱ्यास ही रचना ओळखीची वाटेल.

प्रत्येक कांद्यातून सामान्यतः दोन पाने व एक फुलाचा दांडा निघतो. पानांची टोके कठीण असतात. त्यामुळे गोठलेली जमीन फोडून वर येणे त्यांस शक्य होते. फुलास सहा पाकळ्या असतात. बाहेरील तीन मोठ्या व निर्मळ पांढऱ्या, तर आतील तीन आखूड असून त्यांच्या टोकाशी हिरवी खूण असते. कडाक्याचे दहिवर पडले म्हणजे पाने व दांडा माना टाकून जमिनीवर लोळतात. पाहणाऱ्यास वाटते की रोप मेले. परंतु ऊन चढून बर्फ वितळले की तेच रोप पुन्हा ताठ उभे राहते.

वर्षाचा जीवनक्रम

या वनस्पतीचे वर्ष आपल्या पिकांच्या वर्षापेक्षा उलट्या क्रमाने चालते. युरोपात शरद ऋतूत पाने गळू लागतात व पाऊस पडून जमीन थंड व ओली होते, त्या वेळी कांद्याच्या बुडातून नवीन मुळे फुटतात. जमिनीवर काहीच दिसत नाही, परंतु आत काम सुरू झालेले असते. हिवाळ्याच्या थंडीत कोंब हळूहळू वर सरकतो. थंडीचा हा काळ त्यास आवश्यक असतो. जानेवारी अखेर ते मार्च या काळात, त्या त्या ठिकाणच्या हवामानाप्रमाणे, फूल उमलते.

इतकी घाई करण्याचे कारण उघड आहे. रानातील मोठ्या वृक्षांस पालवी फुटली म्हणजे जमिनीवर दाट सावली पडते. त्यापूर्वी जो सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो, तेवढाच या रोपाच्या वाट्याचा. त्या दोन-तीन महिन्यांत त्यास फुलायचे असते, बी धरायचे असते आणि पुढील वर्षाची बेगमीही करायची असते.

फूल कोमेजल्यावर पाने वाढतच राहतात व पूर्वीपेक्षा लांब होतात. सामान्य माणसाच्या दृष्टीने फुलाचा हंगाम संपला. रोपाच्या दृष्टीने मात्र खरी कमाई आता सुरू झाली. या हिरव्या पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरून कांद्यात साठते. मे-जूनपर्यंत पाने पिवळी पडून सुकतात. मग उन्हाळाभर कांदा जमिनीत निजलेला असतो. परंतु ही निद्रा म्हणजे निष्क्रियता नव्हे. याच काळात कांद्याच्या पोटात पुढील वर्षाच्या फुलाचा अंकुर आकार घेतो. म्हणजे फेब्रुवारीत दिसणारे फूल हे गेल्या वर्षीच्या पानांच्या कष्टाचे फळ होय.

यावरूनच एक नियम निघतो व युरोपातील जाणते माळी तो कसोशीने पाळतात : फुले संपली म्हणून पाने कापू नयेत, ती आपोआप सुकेपर्यंत थांबावे. हिरवी पाने कापली तर त्या वर्षी रोप मरत नाही. परंतु कांदा रोड राहतो व पुढील वर्षी फूल येत नाही. शेतातील कांद्याचा अनुभवही याहून वेगळा नाही. पात हिरवी व निरोगी असेल तोवरच कांदा पोसतो. करप्याने पात अकाली जळाली की कांदा लहान राहतो, हे प्रत्येक कांदा-बागायतदार जाणतो.

मधमाशी आणि मुंगी

भर थंडीत उमलणाऱ्या फुलाच्या परागीकरणाचा प्रश्न बिकट असतो. त्या दिवसांत कीटक फारसे उडत नाहीत. स्नोड्रॉपने त्यावर साधा उपाय योजलेला दिसतो. हवा गार असताना बाहेरच्या पाकळ्या मिटलेल्या राहतात. तापमान सुमारे १० अंश सेल्सियसच्या वर गेले, म्हणजे मधमाश्या पोळ्याबाहेर पडू लागल्या, की त्या पाकळ्या फाकतात. फूल खाली वाकलेले असल्याने पाऊस व बर्फ यांपासून पराग कोरडे राहतात. परागकोश टोकाशी उघडतात व मधमाशी फुलास लटकली की तिच्या हालचालीने पराग तिच्या अंगावर झडतात. हिवाळ्यात साठा संपत आलेल्या पोळ्यास हे पराग मोलाचे वाटतात, म्हणून तेथील मधमाशीपालक या फुलाकडे कौतुकाने पाहतात.

फळ धरल्यावर दांडा जमिनीकडे झुकतो व बोंड मातीवर टेकते. त्यातील प्रत्येक बियाणास एक लहानसे तेलयुक्त शेपूट असते. मुंग्यांस ते फार आवडते. त्या बी उचलून वारुळाकडे नेतात, शेपूट खातात व उरलेले बी टाकून देतात. अशा रीतीने मुंगीस अन्न मिळते आणि बियास नवीन, भुसभुशीत जागा लाभते. ही पेरणी मात्र फार मंद गतीची आहे. बियापासून फूल येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात.

संवर्धनाच्या पद्धती

बियाची वाट न पाहता स्नोड्रॉप वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे कांद्याच्या कडेने येणारी पिल्ले वेगळी करणे. काही वर्षांत एका कांद्याचा झुबका होतो. फुले संपताच, पाने हिरवी असतानाच असा झुबका काढून, कांदे सुटे करून, पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लगेच लावतात. शेतातला कांदा वाळवून चाळीत महिनोन्‌महिने ठेवता येतो, तसा हा कांदा ठेवता येत नाही. तो उघड्यावर लवकर सुकतो व सुकलेला कांदा लावल्यास पुष्कळदा फुटत नाही.

दुसरा मार्ग कसबाचा आहे. पाने सुकल्यावर निरोगी कांदा स्वच्छ करून धारदार व निर्जंतुक सुरीने त्याच्या उभ्या फाका करतात. प्रत्येक फाकेस बुडाच्या चकतीचा तुकडा असलाच पाहिजे, कारण नवीन अंकुर तेथूनच फुटतो. फाका बुरशीनाशकात बुडवून, किंचित ओलसर केलेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये मिसळून, प्लास्टिकच्या पिशवीत सुमारे २० अंश सेल्सियस तापमानास अंधारात ठेवतात. सुमारे तीन महिन्यांत खवल्यांच्या बेचक्यात बारीक कांद्या तयार होतात. त्या कुंडीत लावून दोन-तीन वर्षे जोपासाव्या लागतात. या रीतीने एका कांद्यापासून आठ, सोळा किंवा अधिक रोपे मिळू शकतात.

पिकास मुख्य उपद्रव करडी बुरशी व कांदा पोखरणारी माशीची अळी यांचा होतो. रोगट झुबका ताबडतोब उपटून नष्ट करणे हा मुख्य उपाय मानला जातो.

विष आणि औषध

हा कांदा दिसण्यात लसणीसारखा असला तरी खाण्याजोगा मुळीच नाही. त्यातील अल्कलॉइडांमुळे मळमळ, वांत्या व जुलाब होतात. एकाच कुलातील सर्वच कांदे खाद्य असतात असे नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

यांपैकीच एक अल्कलॉइड वैद्यकास वरदान ठरले. सोव्हिएत संघातील रसायनशास्त्रज्ञांनी १९५२ च्या सुमारास वोरोनोवाय जातीच्या कांद्यातून ‘गॅलँटामीन’ हे द्रव्य वेगळे केले. पुढे बल्गेरियातही त्यावर संशोधन होऊन त्याचे औषध बनविण्यात आले. वृद्धापकाळी स्मृती नष्ट करणाऱ्या अल्झायमर या रोगावर लक्षणे सौम्य करण्यासाठी ते वापरण्यास अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. आता हे द्रव्य डॅफोडिलसारख्या इतर वनस्पतींपासून व प्रयोगशाळेतही तयार होते, त्यामुळे त्यासाठी रानातील स्नोड्रॉप खणण्याचे कारण उरलेले नाही. औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते. कांदा खाऊन रोग बरा होत नाही, उलट विषबाधा होते.

याच कांद्यातील एक प्रथिन रस शोषणाऱ्या किडींस बाधक असल्याचे दिसून आले आहे. हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्या प्रथिनाचे जनुक भातात घालून तुडतुड्यांस प्रतिकार करणारी रोपे तयार केल्याचे दाखविले. हे काम संशोधनाच्या पातळीवरील होय. असे बियाणे शेतकऱ्यांसाठी बाजारात आलेले नाही.

डोंगरांतील खोदाई

विसाव्या शतकात पश्चिम युरोपातील बागांत या फुलाची मागणी वाढली. ती पुरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे तुर्कस्तानातील टॉरस पर्वतात रानोमाळ उगवलेले कांदे खणून नेदरलँड्समधील व्यापाऱ्यांकडे धाडणे. डोंगरी खेड्यांतील गरीब कुटुंबांस शेतीखेरीज दुसरे उत्पन्न थोडेच होते. त्यांनी कुदळी घेतल्या. १९८० च्या दशकात अशा रीतीने दरवर्षी कोट्यवधी कांदे देशाबाहेर जात होते.

यात धोका कोठे होता, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एका उतारावर फुलण्याजोगे शंभर कांदे आहेत. त्यांपैकी दहा काढले तर पिल्ले व बी यांच्या योगे ती तूट काही काळात भरून येईल. परंतु शंभरही काढले आणि त्यांबरोबर लहान पिल्लेही पोत्यात भरली, तर पुढील वर्षी तेथे बी धरणारे कोणीच उरत नाही. मुंगी बी नेईल तरी कोठून? तीन ते पाच वर्षांनी फुलणारी वनस्पती वर्षावर्षाच्या खोदाईपुढे टिकू शकत नाही. व्याज खाणे निराळे व मुद्दल खाणे निराळे.

या कारणास्तव वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारात १९९० मध्ये स्नोड्रॉपच्या सर्व जातींचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश करण्यात आला. त्याचा अर्थ व्यापार बंद असा नव्हे. परवान्याशिवाय व प्रमाणाबाहेर व्यापार बंद, असा आहे. भारतही १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे आणि आपल्याकडील सर्पगंधा ही वनस्पती याच परिशिष्टात आहे.

गावांनी काढलेला मार्ग

केवळ कायद्याने पोट भरत नाही. खोदाई थांबविली तर डोंगरातील कुटुंबांनी काय करावे, हा प्रश्न उरतोच. १९९० च्या दशकात टॉरस पर्वतातील काही गावांत निसर्गसंरक्षण संस्थांच्या साहाय्याने निराळा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी लहान कांदे आपल्या शेताच्या तुकड्यांत लावले, दोन-तीन वर्षे जोपासले आणि विक्रीयोग्य झाल्यावरच काढले. रानातील कांदा जेथे होता तेथेच राहिला आणि गावास उत्पन्नही मिळाले. तुर्कस्तान सरकारनेही निर्यातीची वार्षिक मर्यादा ठरविण्याची पद्धत अवलंबिली.

जॉर्जियातील परिस्थिती थोडी वेगळी आहे. तेथे वोरोनोवाय जातीचे कांदे गावांलगतच्या शेतजमिनींत व जुन्या बागांतही दाट वाढतात. लंडनजवळील क्यू येथील राजोद्यानाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जॉर्जियातील शास्त्रज्ञांसह २००९ च्या सुमारास त्यांची पाहणी केली व त्यावरून किती कांदे काढणे सुरक्षित ठरेल, याचा अंदाज बांधला. काढणी करताना मोठे कांदे निवडून घेणे व लहान पुन्हा जमिनीत सोडणे, हे या व्यवहाराचे मर्म होय. बाजारात या कांद्याची प्रतवारी घेरावरून होते व ४ ते ५ सेंटिमीटर घेराचा कांदा विक्रीचा मानला जातो. त्याहून लहान कांदा काढणाऱ्यास भावही मिळत नाही व त्याचे भविष्यही बुडते.

दुसऱ्या टोकास हौशी संग्राहकांचा बाजार आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘गोल्डन टिअर्स’ या पिवळ्या खुणेच्या वाणाचा एक कांदा इंग्लंडमध्ये १,८५० पौंडांस विकला गेला. ही किंमत दुर्मिळ वाणाची आहे. डोंगरातून पोत्याने येणाऱ्या कांद्याची नव्हे. जो वाण निवडतो, वाढवितो व त्याची नोंद ठेवतो त्यास मोल मिळते. जो केवळ खणतो त्याच्या पदरी थोडेच पडते, हा या दोन बाजारांतील फरक विचार करण्याजोगा आहे.

बदलते हवामान

क्यू येथील नोंदींप्रमाणे १९५० च्या दशकात स्नोड्रॉप सामान्यतः फेब्रुवारीच्या अखेरीस फुलत असे. १९९० नंतर ते बहुधा जानेवारीतच फुलू लागले आहे. हिवाळे उबदार होत असल्याची ही एक खूण होय. फूल लवकर येणे हे सकृद्दर्शनी शुभ वाटते. परंतु मधमाशी बाहेर पडण्यापूर्वीच फूल उमलले तर बी धरत नाही आणि उन्हाळा लवकर तापला तर पानांचा कमाईचा काळ आखूड होतो.

आपल्यासाठी बोध

सह्याद्रीच्या उतारांवर व कोकणातील कातळांवर पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती पुष्कळ आहेत. त्यांचा ऋतू वसंत नसून पावसाळा आहे, परंतु जगण्याची रीत तीच : थोड्या महिन्यांत फुलणे, पानांनी कमावणे व उरलेला काळ जमिनीत निजून राहणे. कळलावीचे कंद व बोरिवलीच्या नावाने शास्त्रात ओळखल्या जाणाऱ्या सफेद मुसळीची मुळे औषधांसाठी खणली जातात. पाने हिरवी असतानाच सरसकट खणले तर कंद अपुरा पोसलेला मिळतो, बी पडत नाही व काही वर्षांत ते रान उजाड होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कंद गोळा करणाऱ्या कुटुंबांस पुढील गोष्टी समजावून द्याव्यात. पाने आपोआप सुकून बी पडल्यावरच काढणी करावी. मोठे कंद घ्यावेत, लहान तेथेच पुरावेत. एकाच जागी दरवर्षी खणू नये. विक्रीस मागणी असेल तर परवान्याची चौकशी करून, बांधावर किंवा परसात लागवड करण्यास आरंभ करावा. सफेद मुसळीची शेती महाराष्ट्रात झालेली आहे. तेव्हा ही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

स्नोड्रॉपचा कांदा उन्हाळाभर अंधारात पुढील वर्षाचे फूल घडवीत असतो. त्याच्या त्या कामात व्यत्यय न आणता त्याच्या वाढीतील तेवढाच वाटा घेणारी गावे आजही त्यावर उपजीविका करीत आहेत. जमिनीतील पुंजीचे मुद्दल राखून व्याजावर जगावे, हा धडा येथील रानालाही तितकाच लागू आहे.